डीएनडी चालू असूनही निवडणुकीत उमेदवारांचे रेकॉर्ड केलेले कॉल का येतात? ते थांबवता येतात का?

डीएनडीची व्यवस्था मुळात व्यापारी कॉल अडवण्यासाठी आहे. मतं मागणारा कॉल त्या व्याख्येत नीट बसत नाही, म्हणून तो बिनदिक्कत येतो.

प्रकार जुना आहे. 2004 च्या लोकसभेला वाजपेयींच्या आवाजातले कॉल घरोघरच्या लँडलाइनवर वाजले होते. तेव्हा लोकांना अप्रूप वाटलं. आता तसं राहिलेलं नाही. गेल्या निवडणुकीत माझी आई दवाखान्यात होती. डॉक्टरांचा असेल म्हणून धावत फोन उचलला, तर पलीकडून "नमस्कार, मी तुमचा उमेदवार..." हातातला डबा सांडला. मला हे खरोखर संतापजनक वाटतं.

करण्यासारखं एवढं आहे: विधानसभा-लोकसभेला असे घाऊक व्हॉइस मेसेज आधी प्रमाणित करून घ्यावे लागतात आणि त्यांचा खर्च हिशेबात दाखवावा लागतो. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचाराला बंदी असते. त्या काळात कॉल आला तर नंबर, वेळ टिपून ठेवा, जमल्यास रेकॉर्डिंगही, आणि निवडणूक आयोगाच्या सीव्हिजिल अ‍ॅपवर किंवा 1950 या हेल्पलाइनवर तक्रार करा. महापालिका, जिल्हा परिषदेसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाकडे जावं लागेल.

आणि कॉलवर "एक दाबा, दोन दाबा" म्हणाले तर काहीही दाबू नका.