चार विद्यार्थ्यांना फ्लॅट देताना एकाच्याच नावाने करार केला तर चालेल का?

करू नये; पुण्यातल्या तुमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चौघांचीही नावे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात घालावीत, कारण ज्याचे नाव त्यात नाही त्याच्याशी तुमचा लेखी करारच झालेला नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असून ती टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात, तेथे स्टँपपेपरवरची नुसती नोटरी उपयोगी पडत नाही. मात्र सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते शुल्क) वेगळे भरावे लागेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही.