माऊस, स्क्रीनवरच्या विंडोज (चौकटी), इथरनेट (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं नेटवर्क) हे सगळं झेरॉक्स पार्कमध्येच, म्हणजे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातच जन्मलं का? तिथली माणसं कशी होती?

सगळं नाही, माऊस त्याआधीच डग्लस एंगलबार्टच्या लॅबमध्ये झालेला. पार्क सुरू झालं १९७० ला कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत, आणि तिथला खरा माणूस म्हणजे बॉब टेलर, शिकला सायकॉलॉजी पण हुशार माणसं बरोब्बर हेरायचा. आठवड्याच्या मीटिंगला सगळे बीनबॅगवर पसरायचे आणि बोलणाऱ्याची पार चिरफाड करायचे (आपल्याकडच्या साहेबांना झेपलं नसतं). तिथूनच थॅकर, लॅम्पसन वगैरेंचा आल्टो नावाचा कॉम्प्युटर आला १९७३ ला, मेटकाफ-बॉग्जचं इथरनेट पण त्याच सुमाराचं. मला मात्र आवडते अ‍ॅडेल गोल्डबर्ग, तिथलीच संशोधक; १९७९ ला अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जच्या टीमला तिथल्या कामाचा डेमो द्यायला तिने चक्क नकार दिला, वरून ऑर्डर आली तेव्हा कुठे दाखवलं.