गव्हाच्या ओंबीत आणि कुसळातही अन्न तयार होतं का, की सगळं काम पानाचंच?

ओंबीतही होतं, कुसळातही होतं. पण या प्रश्नावर लिहायचं खरं कारण मका आहे. कोल्हापूर भागात मका चिकात आला की वैरणीला शेंडे खुडतात, पाला ओरबाडतात आणि वर सांगतात, "पान काढलं की जोर कणसाला जातो." साफ चूक. जोर पानातूनच येतो.

आधी गहू. दाणा भरताना मोठा पुरवठा शेंड्याच्या पानाचा. पण ओंबीवरची तुसं आणि कुसळंही हिरवी असतात, त्यांना रंध्रं असतात आणि कुसळात हिरव्या पेशींचे दोन उभे पट्टे असतात. तिथली साखर लगेच शेजारच्या दाण्यात जाते. कोवळा दाणा आडवा कापा, पारदर्शक सालीखाली हिरवा थर दिसेल. दाण्याने श्वसनात सोडलेला कार्बन डायऑक्साइड तो पुन्हा पकडतो. भाताच्या कुसळाकडून मात्र अपेक्षा नको, तिथे वरची तीन पानं सांभाळा.

मक्याचं गणित वेगळं. पानात शिरेभोवती पेशींचं कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन पकडून चार कार्बनी आम्ल करतात, कड्यातल्या पेशी तो सोडवून साखर बनवतात. हीच सी-४ पद्धत. म्हणून प्रत्येक पेशी शिरेजवळ हवी. पानात शेजारच्या दोन कड्यांमध्ये साधारण दोनच पेशी असतात. कणसावरच्या आवरणात शिरा लांब लांब असतात, तिथल्या दूरच्या पेशी गव्हासारख्या सी-३ पद्धतीनेच, म्हणजे कड्याच्या मदतीशिवाय स्वतःच कार्बन पकडून साखर बनवत, चालतात. एकाच ताटात दोन्ही पद्धती.

कणसाला मुख्यतः त्याच्या जवळचं पान आणि वरची पानं पोसतात. शेंडा खुडताना नेमकी तीच जातात. मग ताट स्वतःतली साठवलेली साखर कणसाला देतं. कणीस बाहेरून तेवढंच दिसतं, म्हणून "काही फरक पडत नाही" म्हणतात. दाणे वजनाला हलके भरतात आणि पोकळ झालेलं ताट वाऱ्यात मोडतं. खुडायचंच असेल तर कणसाच्या मधला दाणा काढून त्याचं टोक खरवडा. काळा थर दिसला की दाणा भरून झाला, मग खुशाल खुडा. अगदी खालची पिवळी पानं आधी काढली तरी बिघडत नाही.

ओंबीचा वाटा किती टक्के, हे वाण, पाणी आणि मोजण्याची रीत यावर बदलतं. शेंड्याचं पान कापलं तर ओंबी आणि ताट काही तूट भरून काढतात, त्यामुळे वेगवेगळ्या अवयवांचे टक्के जोडून शंभर करू नका. गव्हाच्या दाण्यात सी-४ पद्धत चालते असा दावा 2016 मध्ये झाला होता, मला तो पटत नाही. स्वतः पाहायचं असेल तर एकाच दिवशी फुलोऱ्यात आलेल्या ओंब्या निवडा. काहींवर अॅल्युमिनियमची फॉइल सैल गुंडाळा, काही उघड्या ठेवा आणि शेवटी दाण्यांचं वजन करा. फॉइलला बारीक छिद्रं पाडा. काळा कागद वापरलात तर आतली ओंबी तापेल आणि घट सावलीची की उष्णतेची, हे कळणार नाही.