वाचकांचे प्रश्न : कादाकेसला वर्षभर राहावे का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त बार्सिलोनात असतात. गेल्या जूनमध्ये त्यांनी आम्हा दोघांना कादाकेस या किनाऱ्यावरच्या गावी दोन दिवस नेले होते. पांढरी घरे, संथ समुद्र आणि तिथली शांतता मनातून जात नाही. मी ६६ वर्षांचा असून माझा गुडघा दुखतो. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. तिथे वर्षभर राहावे असे वाटते. घर विकत घेतल्यास निवास परवाना मिळतो, असे मित्र सांगतात. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मित्रांची माहिती जुनी आहे. ५ लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्यास निवास परवाना देण्याची योजना स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून बंद केली. आता निवृत्तांसाठी मार्ग उरतो तो नोकरी-व्यवसाय न करण्याच्या अटीवर मिळणाऱ्या परवान्याचा. त्यासाठी सध्याच्या निकषानुसार स्वतःचे दरमहा २,४०० युरो आणि पत्नीसाठी आणखी ६०० युरो एवढी आर्थिक तरतूद दाखवावी लागते. खासगी आरोग्य विमाही लागतो. वर्षात १८३ दिवसांपेक्षा अधिक काळ तिथे राहिलात, तर पुण्यातील ठेवींचे व्याजसुद्धा स्पेनच्या करखात्याला दाखवावे लागेल, तेव्हा आपल्या सनदी लेखापालांशी आधी बोलावे.

परंतु कागदपत्रांपेक्षा मला काळजी वाटते ती हिवाळ्याची. आपण पाहिलेले गाव जूनमधले होते. मी तिथे एका फेब्रुवारीत तीन आठवडे काढले आहेत. पिरेनीज पर्वतावरून, उत्तरेकडून येणारा त्रामुंताना हा कोरडा, बोचरा वारा हिवाळ्यात कधी कधी ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो आणि काही वेळा दिवसेंदिवस थांबत नाही. आकाश मात्र निरभ्र असते, त्यामुळे खिडकीतून पाहणारा हमखास फसतो. एखादा माणूस विक्षिप्त वागला, की त्याला त्रामुंताना लागला आहे, असे तिथले लोक म्हणतात. आपल्याकडच्या ‘अंगात वारे शिरणे’ याच्या फार जवळचा हा प्रयोग आहे. माझ्या भाड्याच्या घराच्या झडपा रात्रभर आपटत होत्या, घर उबदार ठेवण्याची सोय तुटपुंजी होती आणि निम्मी उपाहारगृहे बंद होती. सुमारे ३,००० वस्तीच्या गावात अशा वेळी शांतता नव्हे, सामसूम असते. ऑगस्टमध्ये हेच गाव दिवाळीच्या सुट्टीतल्या कोकणासारखे भरून वाहते.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. सांता मारिया चर्चकडे चढत जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांत पाटीच्या दगडाच्या चिपा उभ्या रोवून फरसबंदी केलेली आहे. दिसायला ती फार देखणी आहे, पण पाऊल सपाट टेकत नाही आणि पावसात ती निसरडी होते. गावात रेल्वे नाही. मोठे रुग्णालय आणि रेल्वे स्थानक फिगेरेसला आहे आणि तिथवरची वाट जुन्या कात्रज घाटाची आठवण करून देणाऱ्या वळणांची आहे.

जेवणाचे फारसे अडत नाही. टोमॅटो चोळून ऑलिव्हचे तेल घातलेला पाव सर्वत्र मिळतो. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. आपल्या भरताची चुलत बहीणच. मात्र मी ‘मांस नको’ एवढेच सांगितले, तेव्हा तिच्यावर खारवलेले छोटे मासे पसरून आले, कारण मासा तिथे मांसात धरत नाहीत. तिथल्या कॅटलान भाषेत ‘सेन्से कार्न नी पेश’, म्हणजे मांस नको आणि मासाही नको, असे स्पष्ट सांगावे.

माझे मत असे, की वर्षभराचा विचार तूर्त बाजूला ठेवून शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अल्पकाळच्या भेटीच्या व्हिसावर जावे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मे महिन्याचे किंवा सप्टेंबर अखेरीचे तीन-चार आठवडे उत्तम. त्या वेळी गावाजवळच्या पोर्तलिगातचे चित्रकार साल्वादोर दालींचे घरही पाहावे. मच्छीमारांच्या झोपड्या एकेक करून जोडत वाढवलेल्या या घरात ते १९८२ पर्यंत राहिले. आत थोड्याथोड्या लोकांनाच सोडतात, म्हणून तिकीट आधी काढणे आवश्यक आहे; टेकडी ओलांडून जाणारी वाट चढाची असल्याने मोटारीने जावे.

तरीही वर्षभराची ओढ राहिलीच, तर पुढच्या जानेवारीत आठवडाभर तिथे राहून पाहावे. घर ठरवताना समुद्र किती दिसतो हे विचारण्याआधी, बसथांब्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात हे मुलीला विचारून घ्यायला सांगावे.