'इच्छा', 'वासना' आणि 'इष्ट'

पुण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून तत्त्वज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने असे विचारले आहे, की इंग्रजीतील 'डिझायर' या संज्ञेसाठी मराठी पुस्तकांत इच्छा, वासना, तृष्णा आणि कामना हे चारही शब्द जणू एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरलेले दिसतात. त्यांत काही नेमका भेद आहे का, आणि 'वासना' हा शब्द उच्चारला की वर्गात हशा पिकत असेल, तर तो सोडूनच द्यावा का?

माझे उत्तर असे, की सर्वसाधारण संज्ञा म्हणून 'इच्छा' हाच शब्द ठेवावा. 'वासना' मात्र सोडू नये, तिला तिच्या मूळच्या जागी बसवावे. माणसाला जे हवेसे वाटते ते केव्हा चांगले आणि केव्हा वाईट, हा नीतिशास्त्रातील अगदी सुरुवातीचा प्रश्न आहे. जो शब्द ऐकताक्षणीच कानाला निकाल देऊन टाकतो, त्या शब्दात हा प्रश्न मांडताच येत नाही. 'सर्व इच्छा वाईट असतात का?' हा प्रश्न खरोखरच खुला वाटतो. 'सर्व वासना वाईट असतात का?' असे आजच्या मराठीत विचारले, तर उत्तर प्रश्नातच दडलेले असते.

'इच्छा' या शब्दाचा हा तटस्थपणा जुना आहे. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची चिन्हे म्हणून सांगितली आहेत, म्हणजे इच्छा हा आत्मा ओळखण्याचा एक पुरावा मानला आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात तीच इच्छा द्वेष, सुख आणि दुःख यांच्यासह 'क्षेत्रा'त घातली आहे, म्हणजे ती जाणणाऱ्याची नसून जाणल्या जाणाऱ्या गोष्टींतली ठरते. एवढा मोठा मतभेद एकाच शब्दाच्या आधाराने व्यक्त होऊ शकला, कारण तो शब्द कोणाचीच बाजू घेत नव्हता.

आता 'वासना'. हा शब्द 'वास' आणि 'वासित करणे' यांच्याशी जोडला जातो. फुलांच्या सहवासात ठेवलेल्या तिळांना जसा फुलांचा गंध लागतो, तसा मागील अनुभवांचा आणि कर्मांचा चित्तावर राहिलेला ठसा म्हणजे वासना, असे तिचे शास्त्रातील स्वरूप आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत, विशेषतः चौथ्या पादात, हाच अर्थ आहे, आणि बौद्धांच्या योगाचार संप्रदायातही वासनेची कल्पना याच अंगाने विकसित झाली. थोडक्यात, इच्छा ही एखाद्या क्षणी मनात उठणारी गोष्ट आहे, तर वासना म्हणजे अमुक प्रकारचीच इच्छा पुन्हा पुन्हा का उठते याचे कारण. आजच्या मानसशास्त्रात ज्याला घडण किंवा प्रवृत्ती म्हटले जाईल त्याच्या ती अधिक जवळ आहे. हा भेद मोलाचा आहे, आणि तो दाखवणारा दुसरा नेटका मराठी शब्द मला तरी सुचत नाही.

शिवाय ही वासना मुळात वाईटच, असेही नव्हते. योगवासिष्ठात वासनेचे शुद्ध आणि मलिन असे दोन प्रकार स्पष्टपणे सांगितले आहेत. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांतील 'मना वासना दुष्ट कामा नये रे' ही ओळ आपल्यातील अनेकांनी लहानपणी पाठ केलेली असते, पण तीत 'दुष्ट' हे विशेषण का घालावे लागले, याकडे लक्ष जात नाही. वासना या शब्दातच दुष्टपणा भरलेला असता, तर समर्थांना ते विशेषण खर्चण्याची गरज पडली नसती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झालेला गीतारहस्य हा ग्रंथही येथे पाहण्यासारखा आहे. टिळक बुद्धीचे व्यवसायात्मक (म्हणजे निश्चय करणारी) आणि वासनात्मक (म्हणजे इच्छा करणारी) असे दोन प्रकार करतात, जर्मन तत्त्वज्ञ कान्टच्या शुद्ध बुद्धी आणि व्यावहारिक बुद्धी या विभागणीशी त्यांची तुलना करतात, आणि नीतीचा सारा भार वासनात्मक बुद्धी शुद्ध असण्यावर ठेवतात. आजच्या वाचकाला 'शुद्ध वासना' हा शब्दप्रयोग वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारा, वाटेल. १९१५ च्या वाचकाला तो तसा वाटत नसावा.

बोलीत हा जुना अर्थ अजूनही पुरता मेलेला नाही. आजारी माणसाबद्दल 'त्याची अन्नावर वासनाच नाही' असे घरातील वडीलधारी माणसे आजही म्हणतात. दहाव्याच्या दिवशी पुण्यातील ओंकारेश्वर मंदिराच्या परिसरात पिंडाला कावळा शिवेना झाला, की 'कशात तरी वासना अडकली असेल' असे कोणीतरी म्हणतेच, आणि मग नातवाच्या शिक्षणापासून गावाकडच्या घरापर्यंत एकेका गोष्टीची हमी दिली जाते. गेलेल्या आजीच्या बाबतीत हे वाक्य उच्चारताना कोणालाही संकोच वाटत नाही. संकोच वर्गात वाटतो, कारण बातम्या आणि चित्रपट यांनी हा शब्द लैंगिक अर्थापुरता आवळून टाकला आहे.

उलट दिशेचा प्रवास 'हौस' या शब्दाने केला. अरबीतून फारसीमार्गे आलेला 'हवस' हा शब्द हिंदी-उर्दूत आज लंपटपणाच सुचवतो. मराठीत त्याचीच 'हौस' झाली आणि ती डोहाळजेवणापासून दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत सगळीकडे मानाने मिरवते. शब्दाला लागलेला नैतिक रंग हा त्या कल्पनेचा गुणधर्म नसतो, तर वापराचा परिणाम असतो, हे या दोन शब्दांवरून चांगले दिसते.

'तृष्णा' हा शब्द बौद्ध विचाराच्या संदर्भातच वापरावा. दुसऱ्या आर्यसत्यात दुःखाचे मूळ म्हणून सांगितलेली पाली भाषेतील 'तण्हा' ती हीच, आणि आपली 'तहान'ही त्याच घराण्यातली. बौद्ध परंपरेत प्रत्येक इच्छेला तण्हा म्हणत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. काही करण्याची निखळ इच्छा दाखवण्यासाठी तेथे 'छन्द' हा वेगळा शब्द आहे, आणि साधनेच्या मार्गावर तो उपयोगाचा मानला आहे. म्हणून 'बुद्धाने सर्व इच्छा सोडायला सांगितल्या' हे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारे वाक्य सैल आहे.

बोलीतील आणखी एका शब्दाकडे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने पाहावे, तो म्हणजे 'तलफ'. मराठीत तलफ 'येते', इच्छा 'होते' किंवा 'असते' आणि संकल्प आपण 'करतो'. म्हणजे यांपैकी कोणती गोष्ट आपल्यावर येऊन आदळते आणि कोणती आपल्या हातून घडते, हे क्रियापदच सांगते. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली इच्छास्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात असे मांडले, की माणसाला नुसत्या इच्छा नसतात, तर आपल्या इच्छांविषयीही इच्छा असतात. व्यसनाच्या विळख्यातून सुटू पाहणाऱ्याला अमली पदार्थ हवा असतो, आणि तो आपल्याला हवासा वाटू नये, असेही त्याला मनापासून वाटत असते. इंग्रजीत हे मांडताना पहिल्या आणि दुसऱ्या पातळीची इच्छा असे क्रमांक द्यावे लागतात. 'तंबाखूची तलफ येते, पण ती सुटावी अशी माझी इच्छा आहे' हे वाक्य मराठी माणूस कोणताही निबंध न वाचता बोलतो. प्रत्येक पहिल्या पातळीच्या इच्छेला तलफ म्हणता येणार नाही, हे खरे. तरीही वर्गात समजावून सांगण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण नाही.

खरी अडचण मला 'इच्छा' या शब्दात दिसत नाही, ती त्याच धातूपासून झालेल्या 'इष्ट' या शब्दात दिसते. 'इष्' म्हणजे इच्छिणे, आणि 'इष्ट' म्हणजे इच्छिलेले. 'आप्तेष्ट', 'इष्टमित्र', 'इष्टदेवता' या शब्दांत तो अर्थ टिकून आहे: जे आपल्याला आवडते, आपण ज्याला आपले मानतो ते. परंतु 'या वेळी मौन बाळगणे इष्ट' असे आपण लिहितो, तेव्हा मौन कोणाला हवे आहे असे आपण म्हणत नसतो. ते योग्य आहे, असे म्हणत असतो. 'अनिष्ट रूढी' तर बहुसंख्यांना हव्याच असतात, म्हणून तर त्या रूढी होतात. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या उपयुक्ततावादावरील (जास्तीत जास्त सुख देणारे ते योग्य, या मतावरील) विवेचनात नेमकी हीच जागा वादाची ठरली. एखादी वस्तू दृश्य आहे याचा पुरावा म्हणजे ती लोकांना दिसते. त्याचप्रमाणे एखादी गोष्ट इच्छिण्याजोगी आहे याचा पुरावा म्हणजे लोक ती इच्छितात, असा मिलचा युक्तिवाद होता. 'दृश्य' म्हणजे दिसू शकणारे, पण इच्छिण्याजोगे म्हणजे इच्छिता येईल असे नव्हे, इच्छावे असे, हा आक्षेप जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने १९०३ साली ठासून मांडला. मिलचे समर्थन करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्याला काटेकोर सिद्धता द्यायचीच नव्हती असे ते म्हणतात. हा वाद मराठीत शिकवताना 'इष्ट' हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी घातला, तर मूरचा आक्षेप विद्यार्थ्याला कळणारच नाही, कारण 'लोक इच्छितात' पासून 'इच्छावे' पर्यंतची मिलची उडी आपल्या शब्दाने आधीच मारलेली असते. येथे 'इच्छिलेले' आणि 'इच्छिण्यास योग्य' असे सरळ लिहावे; वाक्य थोडे लांबले तरी चालेल.

राहिली 'कामना'. स्वतंत्र संज्ञा म्हणून तिची फारशी गरज नाही. व्रते, नवस आणि 'मनोकामना' यांच्यापुरती ती ठीक आहे. मात्र सकाम आणि निष्काम या जोडीला पर्याय शोधू नये. 'निष्काम कर्म' याऐवजी 'निरिच्छ कर्म' असे लिहिलेले एका टिपणात माझ्या पाहण्यात आले, ते चुकीचे आहे: निरिच्छ माणसाला काही नकोच असते, तर निष्काम कर्म करणाऱ्याला ते कर्म नीट पार पडायला हवे असते, फक्त त्याच्या फळावर तो हक्क सांगत नाही.