वहीतले खोटे आकडे

"बाबा 61 वर्षांचे आहेत. मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसात पसरलाय, सुनिटिनिबच्या कॅप्सूल चालू आहेत. त्या सुरू झाल्यापासून बीपी वाढलंय. बीपी जास्त असलेल्यांत कर्करोगाने मृत्यू जास्त होतात, असं युरोपातल्या एका पाहणीत वाचलं आणि माझी झोप उडाली. आई मात्र जेवणातलं मीठ कमी करत नाही, रोज वाद होतात. डॉक्टर औषध थांबवतील म्हणून बीपीच्या वहीत मी आकडे थोडे कमी लिहिते. आईला कसं समजावू?"

आईचं मीठ नंतर बघू. आधी तुझी वही.

डॉक्टर त्या वहीवर विसंबून औषधं ठरवतात. आणि ती वही खोटी आहे! बाबांच्या जिवाला घरात सर्वांत मोठा धोका या घडीला तुझ्या पेनाचा आहे, आणि हे मी मवाळपणे सांगणार नाही.

ती पाहणी नॉर्वे, स्वीडन आणि ऑस्ट्रियातल्या पावणेसहा लाखांहून अधिक लोकांची, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली. त्यात दिसला तो संबंध; बीपीमुळेच मृत्यू होतात हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ती मोजमापं आजारापूर्वीची होती. बाबांची गोष्टच उलटी आहे, त्यांचं बीपी औषधाने वाढलंय. सुनिटिनिब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या वाढू देत नाही, आणि त्याच परिणामातून बीपी चढतं. डॉक्टरांना हे अपेक्षितच असतं. बहुतेकदा ते बीपीची गोळी जोडतात किंवा वाढवतात आणि कर्करोगाचं औषध चालू ठेवतात. बीपी फारच चढलं तर काही दिवस थांबवतात, आटोक्यात आलं की पुन्हा सुरू करतात. पण तू लपवलेलं बीपी वाढत राहिलं तर पक्षाघात होऊ शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो, आणि मग ते औषध खरंच कायमचं बंद करावं लागू शकतं. ज्याला तू घाबरतेस तेच तू जवळ आणते आहेस.

घाबरलीस, हे कळतं मला. बाप हातातून निसटत असताना माणूस मिळेल ते धरून ठेवतो. पण हे धरू नकोस.

बीपीच्या बहुतेक डिजिटल यंत्रांच्या मेमरीत जुनी मापं राहतात. ती आजच बाहेर काढ, खरे आकडे लिही आणि पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. "आकडे मी बदलले होते," हे वाक्यही सांग. मात्र 180/120 च्या वर माप असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंधुक दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर फोन नको, थेट रुग्णालय गाठ.

मिठाचं डॉक्टरच आईला सांगतील. त्यांचं ती ऐकेल.