वाचकांचे प्रश्न : एनएचएलमधले नाव न झालेले खेळाडू

आइस हॉकीवर आलेल्या पत्रांमध्ये या वेळी सूर एकच आहे : एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य व्यावसायिक लीग) जाणकार ज्यांना डोक्यावर घेतात, ते खेळाडू गोलांच्या यादीत औषधालाही सापडत नाहीत. त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे, डिफेन्स खेळतो. कोच त्याला कॅरोलायना हरिकेन्सच्या जेकब स्लेव्हिनचा खेळ बघायला सांगतात. आम्ही दोघं अख्खी मॅच बघतो, पण हा माणूस काही करतानाच दिसत नाही. नेमकं बघायचं काय? (मिसिसागा)

आधी पकाकडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, बघणं सोडा. टीव्हीचा कॅमेरा पकामागे धावतो आणि आपली नजर कॅमेऱ्यामागे. स्लेव्हिनचं निम्मं काम पक त्याच्यापर्यंत येण्याआधीच उरकलेलं असतं. जमलं तर एखादी मॅच रिंकवर जाऊन, वरच्या रांगेतून बघा. तिथून पाचही खेळाडू एकदम नजरेत येतात आणि तिकीटही स्वस्त पडतं.

पहिली गोष्ट म्हणजे गॅप, म्हणजे पक घेऊन येणारा फॉरवर्ड आणि उलट्या पावली मागे सरकणारा डिफेन्समन यांच्यातलं अंतर. मधल्या लाल रेषेपाशी ते साधारण दोन स्टिकच्या लांबीइतकं असावं आणि आपल्या ब्लू लाईनपर्यंत, म्हणजे आपल्या भागाच्या सीमारेषेपर्यंत, येता येता एका स्टिकवर यावं. अंतर जास्त राहिलं, तर फॉरवर्ड पकासकट आरामात आत शिरतो, वर डिफेन्समनच्याच पायांची आडोशासारखी मदत घेऊन शॉट मारतो आणि गोलकीपरला पक उशिरा दिसतो. अंतर फार लवकर कमी केलं, तर एका वळणात फॉरवर्ड बाजूने निसटतो. स्लेव्हिन हे अंतर बरोबर राखतो, त्यामुळे समोरच्याला ब्लू लाईनवरच पक भिंतीकडे ढकलून द्यावा लागतो. टीव्हीवर ते कंटाळवाणं वाटतं, पण डिफेन्सने तिथेच बाजी मारलेली असते.

दुसरी गोष्ट स्टिक. त्याची स्टिक एका हातात, पातं बर्फाला टेकलेलं आणि पकाच्या रेषेत असते. लहान मुलं इथे हमखास चुकतात. पक दिसला की भाल्यासारखी स्टिक पुढे फेकतात, तोल जातो, खांदे वळतात आणि पुढचा निघून जातो. स्लेव्हिन आधी कोपर अंगाशी ठेवतो. फॉरवर्डची नजर खाली पकाकडे गेली की तेवढ्यात हात लांब करतो. दोन विरुद्ध एक अशी चाल आली, तर शॉट मारणाऱ्याला गोलकीपरवर सोडून मधला पास स्टिकने बंद करतो. बर्फावर लोटांगण घालणं हा त्याच्यासाठी अगदी शेवटचा उपाय, कारण एकदा आडवं पडलं की पुढचे दोन-तीन सेकंद तुम्ही खेळात नसता.

तिसरी गोष्ट पक कोपऱ्यात गेल्यावरची. पकापर्यंत पोचण्याआधी तो एकदा, बहुतेक वेळा दोनदा, मान वळवून मागे बघतो. मागून कोण येतंय आणि आपला मोकळा माणूस कुठे आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्याचा पास लगेच सुटतो. जो मान वळवत नाही, तो भिंतीवर दाबला जातो किंवा घाबरून पक काचेवरून उडवतो. आपल्याच भागातून पक थेट काचेवरून बाहेर गेला की दोन मिनिटांची पेनल्टी.

मुलासाठी एक सोपा अभ्यास. एका पिरियडपुरता (मॅचच्या तीन भागांपैकी एक) फक्त स्लेव्हिनकडे बघायचं. मॅचला साधारण २३ मिनिटं खेळणाऱ्या डिफेन्समनला एका पिरियडमध्ये पाऊण-पाऊण मिनिटाच्या आठ-दहा शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या पाळ्या, मिळतात. वहीत तीन रकाने करा : समोरचा पकासकट आत आला की पक टाकून आला, आपण पास देऊन बाहेर पडलो की पक नुसता भिरकावला, गोलसमोरून शॉट झाला की कडेने. दुसऱ्या पिरियडमध्ये हेच समोरच्या संघाच्या एखाद्या डिफेन्समनसाठी लिहा. दोन पानं शेजारी ठेवली की कोच काय म्हणतात ते मुलगाच तुम्हाला सांगेल.

स्लेव्हिन २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, १२० वा निवडला गेला. २०२०-२१ च्या ५२ मॅचमध्ये त्याच्या नावावर पेनल्टीची फक्त दोन मिनिटं लागली. रोज समोरच्या संघाच्या सगळ्यात धोकादायक फॉरवर्डना तोंड देणाऱ्याने असं खेळणं जवळपास अशक्य मानलं जातं. सभ्य खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी त्याला २०२१ आणि २०२४ मध्ये मिळाली. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस मात्र बहुतेक वेळा गुण (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलासाठी दिलेले पास) जमवणाऱ्यांच्याच गळ्यात पडते.

प्रश्न : फ्लोरिडाच्या गुस्ताव फोर्सलिंगचा प्लस-मायनस २०२३-२४ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक होता. असा खेळाडू आधीच्या संघाने फुकट कसा सोडला? आणि हा आकडा कितपत खरा मानायचा? (एडिसन, न्यू जर्सी)

सोडला तो वेव्हर्सच्या नियमामुळे. ठरावीक अनुभव झालेल्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं, तर आधी त्याला २४ तास वेव्हर्सवर ठेवावं लागतं. त्या वेळात दुसरा कुठलाही संघ त्याला मागू शकतो. अनेकांनी मागितला, तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला पहिला हक्क. मागणाऱ्या संघाने सध्याचा करार जसाच्या तसा उचलायचा. सोडणाऱ्याला बदल्यात काही मिळत नाही.

फोर्सलिंगला २०१४ मध्ये व्हँकुव्हरने १२६ वा निवडला होता. तिथून शिकागो, मग कॅरोलायना, आणि तिथे २०१९-२० चा मोसम खालच्या लीगमध्ये. जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाने त्याला वेव्हर्सवर टाकलं आणि फ्लोरिडाने उचललं. कॅरोलायनाकडे तेव्हा डिफेन्समनची रांग होती, त्यामुळे त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. पण त्यानंतर २०२३ आणि २०२५ अशा दोन कॉन्फरन्स फायनलमध्ये (स्टॅनली कपच्या उपांत्य फेरीत) फ्लोरिडाने कॅरोलायनालाच घरी पाठवलं आणि दोन्ही वेळा फोर्सलिंग समोर उभा होता. २०२४ आणि २०२५ चे स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, त्याच्या नावावर आहेत. मार्च २०२४ मध्ये त्याने आठ वर्षांचा, वर्षाला ५७.५ लाख डॉलरचा करार केला.

आता प्लस-मायनस. त्याचा २०२३-२४ चा आकडा +५६ होता. समसमान खेळाडू असताना, किंवा आपला माणूस कमी असताना, आपल्या संघाचा गोल झाला की बर्फावरच्या आपल्या सगळ्यांना +१ आणि समोरच्या सगळ्यांना −१. पॉवर प्लेवरचा, म्हणजे समोरचा माणूस पेनल्टीमुळे कमी असतानाचा, गोल यात धरत नाहीत. रिकाम्या गोलमध्ये (पिछाडीवरचा संघ गोलकीपर काढून जादा खेळाडू उतरवतो तेव्हा) मारलेला धरतात, आणि पहिली गोची तिथेच होते. आघाडीवर असताना शेवटच्या मिनिटांत ज्याला पाठवतात त्याचा आकडा फुगतो. पिछाडीवर असताना गोलकीपर काढून ज्याला पाठवतात त्याचा घसरतो. दुसरी गोची म्हणजे आपल्या गोलकीपरने ढिसाळ गोल खाल्ला, तरी मायनस तुमच्या माथी. २०२३ मध्ये एरिक कार्लसनला १०१ गुणांसह नॉरिस ट्रॉफी मिळाली, तेव्हा त्याचा प्लस-मायनस −२६ होता, कारण सॅन होजेचा संघच तळाला होता.

त्यापेक्षा पाच विरुद्ध पाच असतानाची शॉटच्या प्रयत्नांची टक्केवारी बघा, म्हणजे कॉर्सी. यात गोल, अडवलेले, हुकलेले आणि अंगावर घेतलेले असे सगळे शॉट मोजतात. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाचा वाटा ५० टक्क्यांच्या वर असला तर ठीक. मग तोच संघ त्याच्याविना कसा खेळतो ते बघा. खरी ओळख या फरकात होते. शॉट कुठून मारला याचंही वजन धरायचं असेल तर एक्स्पेक्टेड गोल बघा, म्हणजे तशा शॉटमधून किती गोल अपेक्षित होते तो आकडा. दहा-बारा मॅचवरून निष्कर्ष काढू नका. निम्मा मोसम तरी जाऊ द्या.

जाता जाता : फ्लोरिडाच्याच अलेक्झांडर बारकोव्हला अजूनही ‘अंडररेटेड’ म्हणणारे भेटतात. तीन सेल्की ट्रॉफी (बचावात सर्वोत्तम फॉरवर्डसाठीची) आणि कर्णधार म्हणून दोन कप झाल्यावर तरी हे थांबवायला हरकत नाही!

प्रश्न : ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये असे खेळाडू घ्यावेत का? (पुणे)

तुमच्या लीगमध्ये काय मोजतात त्यावर अवलंबून आहे. फक्त गोल आणि असिस्ट मोजत असतील, तर स्लेव्हिन घेऊ नका. २०२१-२२ मधले ४२ गुण ही त्याची मोठी मजल. ब्लॉक केलेले शॉट मोजत असतील, तर टोरांटोचा ख्रिस टॅनेव्ह शेवटच्या फेऱ्यांमध्ये स्वस्तात मिळतो, पण असे खेळाडू जखमीही वरचेवर होतात, तेव्हा राखीव जागा मोकळी ठेवा. आणि असिस्टचं वजन गोलाइतकंच असेल, तर न्यू जर्सीचा येस्पर ब्राट बाकीच्यांच्या लक्षात येण्याआधी घ्या. सहाव्या फेरीत १६२ वा निवडलेल्या या खेळाडूने २०२४-२५ मध्ये ६७ असिस्ट देऊन संघाचा विक्रम मोडला.

प्रश्न : मुलगी फॉरवर्ड खेळते, डोकं चांगलं आहे, पण स्केटिंगला वेग नाही. कुणाचा खेळ दाखवावा? (कॅलगरी)

जो पॅव्हेल्स्कीचा. त्याच्याही स्केटिंगला लोक नावं ठेवायचे. २००३ मध्ये सॅन होजेने त्याला सातव्या फेरीत २०५ वा निवडलं, आणि २०२४ मध्ये थांबला तेव्हा नावावर ४७६ गोल होते. शिवाय प्लेऑफचे, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे, ७४, अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक. यातले कितीतरी टिप करून आलेले, म्हणजे दुसऱ्याच्या शॉटला गोलसमोर हलकेच दिशा देऊन.

उभं राहायचं ते निळ्या क्रीजच्या, म्हणजे गोलसमोरच्या गोलकीपरच्या जागेच्या, लगेच बाहेर. पाय आत गेला आणि गोलकीपरला अडथळा झाला तर गोल रद्द होतो. अंग अर्धं तिरकं, म्हणजे मारणाराही दिसतो आणि गोल कुठे आहे याचा अंदाजही राहतो. खालचा हात नेहमीपेक्षा थोडा खाली सरकवून पकड सैल ठेवायची. वरचा हात अंगापासून सुटा, नाहीतर स्टिक पोटाला अडकते. पातं फिरवायचं नाही, फक्त कोनात धरायचं. वेग पकात आधीच असतो. नव्या मुलांचे टिप फुकट जातात ते पातं जोरात फिरवल्यामुळे. स्टिक क्रॉसबारच्या, म्हणजे ४ फुटांच्या वर असताना पकाला लागली तरी गोल धरत नाहीत.

मारणाऱ्यालाही शिकवावं लागतं. त्याने गोलवर नेम धरायचा नाही. टिप करणाऱ्याच्या पात्यावर, गुडघ्याच्या खालून, रिस्ट शॉट (मनगटाच्या जोरावरचा) मारायचा. सुरुवातीला ३०-३५ फुटांवरून, अर्ध्या जोराने, एका बाजूने वीस आणि दुसऱ्या बाजूने वीस पक पुरेत. दिशा हुकमी बदलायला लागली की ब्लू लाईनपर्यंत मागे जा. ती गोललाईनपासून ६४ फुटांवर असते. सरावातही चेहऱ्यावरची जाळी काढायची नाही. एप्रिल २०१९ मध्ये व्हेगासविरुद्ध ब्रेंट बर्न्सचा शॉट पॅव्हेल्स्कीच्या तोंडावर आदळून गोलमध्ये गेला. गोल मिळाला, दात गेले.

प्रश्न : न्यू जर्सी डेव्हिल्समध्ये ब्रोडूर, स्टीव्हन्स, नीडरमायर सगळे हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पॅट्रिक एलियाश का नाही? (जर्सी सिटी)

२०२५ च्या यादीपर्यंत तरी नव्हता, आणि तो २०१९ पासून पात्र आहे. निवड समितीत १८ जण असतात, १४ मतं लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार पुरुष खेळाडू घेतात. एखाद्या वर्षी मोठी नावं एकदम पात्र झाली की मागच्यांची रांग जागीच थांबते.

एलियाशच्या विरोधात जातो तो त्याच्या संघाचा खेळ. मधल्या पट्ट्यात समोरच्याला कोंडून दोन-एकने जिंकणं हा डेव्हिल्सचा खाक्या होता. तिथे १,२४० मॅचमध्ये ४०८ गोल आणि १,०२५ गुण जमवले, तर ते आक्रमक संघातल्या तेवढ्याच गुणांपेक्षा भारी मानायला हवेत. डेव्हिल्ससाठी आजवर कुणीही इतके गुण केलेले नाहीत. २०००-०१ मध्ये ९६ गुण आणि +४५. त्यानंतर २००४-०५ च्या एनएचएल मालकांच्या टाळेबंदीत रशियात खेळताना त्याला हिपॅटायटिस ए झाला आणि पुढच्या मोसमाची सुरुवात हुकली.

१० जून २००० ची फायनल काढून बघा : डॅलस, दुसरा ओव्हरटाइम, १-१. एलियाश कोपऱ्यात आहे, गोलकडे पाठ, आणि मागे न बघता बॅकहँडने पास देतो. जेसन आर्नॉट नेमका तिथे असतो. कप डेव्हिल्सचा, आणि छायाचित्रात आर्नॉट.

समोरच्या डॅलसमध्ये त्या रात्री सर्गेई झुबोव्ह होता. १९९४ च्या कपविजेत्या रेंजर्समध्ये मेसियर वगैरे तारे असताना मोसमात सर्वाधिक ८९ गुण या डिफेन्समनचे होते. तो २००९ मध्ये एनएचएलमधून बाहेर पडला आणि हॉलचं दार त्याच्यासाठी २०१९ मध्ये उघडलं. एलियाशच्या चाहत्यांनी आणखी थोडा धीर धरावा, असं आमचं मत.

प्रश्न : महिलांच्या लीगमधलं एखादं नाव? (ठाणे)

लिझ शेपर्स, तेव्हा मिनेसोटाची फॉरवर्ड. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएलचे (महिलांची व्यावसायिक लीग) पहिले दोन्ही वॉल्टर कप मिनेसोटाने जिंकले, आणि दोन्ही वर्षी कप मिळवून देणारा गोल शेपर्सचा होता, दुसरा तर ओव्हरटाइममध्ये. तिथे ती पहिल्या फळीतली नव्हती, पॉवर प्लेवरही तिला फारसं पाठवत नसत. दोन्ही गोल यूट्यूबवर मिळतील. बघताना तिच्या हाताऐवजी पाय बघा : शॉटच्या आधी ती गोलसमोर कशी पोचते ते.